इयत्तेतले धाकटे

'इयत्ता' हा शब्द आपण इतक्या लहानपणी ऐकतो की त्याचा अर्थ विचारण्याची वेळच येत नाही. संस्कृतात 'इयत्' म्हणजे 'एवढे'. त्यावरून 'इयत्ता' म्हणजे 'एवढेपणा', माप, मर्यादा. एखाद्याची बौद्धिक इयत्ता काय, असे आपण म्हणतो तेव्हा हा जुना अर्थ अजून जागा असतो. इंग्रजी अमलात 'स्टँडर्ड' या शब्दासाठी मराठीने 'इयत्ता' निवडला आणि ही निवड अचूक होती, कारण 'स्टँडर्ड' हेही मापच. मुलाला काय काय येते, याचे ते माप. मुलाचे वय किती, याच्याशी त्या शब्दाचा मुळात काही संबंध नव्हता. आज मात्र 'कितवीत आहेस?' हा प्रश्न आपण वय विचारण्याऐवजी विचारतो आणि उत्तर ऐकून मनातल्या मनात वयाचा हिशेब मांडतो.

ज्ञानाचे माप हे वयाचे माप कसे झाले आणि या बदलाची किंमत वर्गातल्या सर्वांत धाकट्या मुलाने कशी मोजली, हा आमच्या लेखाचा विषय. जून महिन्यात पहिलीच्या वर्गात चाळीस मुले बसतात, तेव्हा त्यांतले एखादे नुकतेच सहा वर्षांचे झालेले असते आणि त्याच्या शेजारचे सातवा वाढदिवस तोंडावर आलेले असते. मोठ्या माणसांत अकरा महिन्यांचा फरक कोणी मोजत नाही. सहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत मात्र तो त्याच्या आजवरच्या आयुष्याचा जवळजवळ सहावा हिस्सा असतो. हे कळायला संशोधन लागत नाही. घरात दोन मुले असलेल्या कोणत्याही आईला ते ठाऊक असते. शाळेला ते का दिसत नाही, हे समजायला मात्र थोडा इतिहास पाहावा लागतो.

इयत्ता येण्यापूर्वीची आपली शाळा म्हणजे पंतोजींची शाळा. ती देवळात, धर्मशाळेत किंवा एखाद्या गृहस्थाच्या ओसरीवर भरे. मूल पाच वर्षांचे झाले, चांगला दिवस पाहिला, पाटीपूजन झाले, की ते तिथे जाऊन बसे. वर्ष अमुक तारखेला सुरू होते असा प्रकार नसल्यामुळे कोणी लवकर आले वा उशिरा आले, असेही म्हणता येत नसे. धूळपाटीवर ओनामा आणि मुळाक्षरे, मग बाराखडी, मग अंक आणि उजळणी, पावकी-निमकी-पाऊणकी, मोडी वाचन-लेखन, पत्रांचे मायने, हिशेब असा क्रम असे. पण तो प्रत्येक मुलाचा स्वतंत्र क्रम असे. एकाची बाराखडी चालू असता दुसरा दिडकी घोकत असे आणि दोघेही एकाच जाजमावर बसलेले असत. पुढे गेलेल्या मुलाने मागच्याला गिरवून द्यायचे, परवचा म्हणवून घ्यायचा, ही रीत होती. अशा शाळेत लहान मूल होते, पण 'वर्गातले सर्वांत लहान मूल' नव्हते, कारण वर्गच नव्हता.

या चित्राने कोणी हळवे होऊ नये. त्या जाजमावर कोण बसू शकत नव्हते याची यादी बसणाऱ्यांच्या यादीपेक्षा फार मोठी होती. मुली नव्हत्या, अस्पृश्य मानलेल्या जातींची मुले नव्हती, शेतकऱ्यांची मुले क्वचित. पंतोजींच्या छडीची आणि ओणवे उभे करण्याची कीर्ती तर आपल्या साहित्यात पिढ्यान्‌पिढ्या गाजलेली आहे. ज्याला पाठ येत नसे त्याला मार बसे. तो पाच वर्षांचा आहे की आठ, हे पाहून छडीचा जोर कमी होत असेल असे मानायला आधार नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे की त्या शाळेत मुलाची तुलना पाठाशी होत होती, एकाच वेळी नाव घातलेल्या चाळीस जणांच्या जथ्याशी नव्हे.

यानंतरची हकिकत थोडी फेऱ्याची आहे. मद्रासमध्ये लष्करी अनाथ मुलांच्या आश्रमाची व्यवस्था १७८९ पासून अँड्र्यू बेल या धर्मोपदेशकाकडे होती. तिकडच्या देशी शाळेत मुले वाळूत बोटाने अक्षरे गिरवतात आणि मोठी मुले लहानांना शिकवतात हे त्याने पाहिले आणि ती युक्ती आपल्या आश्रमात उचलली. १७९७ मध्ये लंडनमध्ये त्याने या प्रयोगाचा वृत्तांत छापला. पुढच्याच वर्षी जोसेफ लँकॅस्टर याने लंडनमध्ये शाळा काढून तसाच प्रकार कितीतरी मोठ्या प्रमाणावर सुरू केला. एक मास्तर, त्याच्या हाताखाली मॉनिटर, आणि मॉनिटरांच्या हाताखाली शेकडो मुले. नव्या औद्योगिक शहरांना ही स्वस्त शाळा फार भावली. आणि मग तीच पद्धत जहाजात बसून परत आली. मुंबईत १८२२ मध्ये स्थापन झालेल्या हैंदशाळा व शाळापुस्तक मंडळीने आपल्या शाळांसाठी लँकॅस्टरची पद्धत शिफारशीसह उचलली. आपल्याच ओसरीवरची रीत आपल्याला विलायती म्हणून शिकवली गेली, याची गंमत वाटावी. पण जाऊन येताना तिच्यात एक बदल झालेला होता. ओसरीवर मोठा मुलगा एका लहानग्याला गिरवून देत असे. मॉनिटरपुढे मुलांची रांग होती आणि रांगेतल्या सगळ्यांनी एकच धडा एकाच वेळी म्हणायचा होता.

तरीही ती रांग वयाची नव्हती, येण्याची होती. रांगेचे वय ठरवावे की येणे, हा प्रश्न इंग्लंडात उघडपणे उभा राहिला तो रॉबर्ट लो याच्या प्रसिद्ध, किंवा कुप्रसिद्ध, नियमावलीच्या वेळी. शाळेला सरकारी अनुदान हवे असेल तर मुलांनी वाचन, लेखन आणि अंकगणित यांची परीक्षा दिली पाहिजे आणि उत्तीर्णांच्या हिशेबाने पैसे मिळतील, असा तिचा गाभा होता. १८६१ च्या पहिल्या मसुद्यात मुलांचे गट वयानुसार पाडले होते. त्यावर बराच गदारोळ झाला. उशिरा शाळेत आलेल्या गरीब मुलाने केवळ नऊ वर्षांचा आहे म्हणून नऊ वर्षांच्या मुलाची परीक्षा कशी द्यावी? १८६२ मध्ये नियमावली अमलात आली तेव्हा वयोगट गळाले होते आणि त्यांच्या जागी सहा 'स्टँडर्ड' आली होती. म्हणजे इयत्ता ही कल्पना वयाला पर्याय म्हणून जन्माला आली. पुढच्या काळात तिने जे केले ते पाहता हा तपशील विसरला जाऊ नये.

मुंबई इलाख्यातही परीक्षेच्या निकालावर अनुदान देण्याची पद्धत १८६० च्या दशकात आली. मेजर कँडी यांच्या देखरेखीखाली तयार झालेली क्रमिक पुस्तके शाळाशाळांत गेली. पहिले पुस्तक, दुसरे पुस्तक, तिसरे पुस्तक; पुस्तकाला आकडा आला तसा मुलालाही आला. वर्षातून एकदा डिप्टीसाहेब येणार, मुलांना उभे करणार आणि आकड्याप्रमाणे प्रश्न विचारणार. ज्यांना अजून आकडा मिळालेला नाही अशा चिमुरड्यांचा वर्ग 'बिनयत्ता' किंवा 'बिगरी' म्हणून ओळखला जाऊ लागला. पु. ल. देशपांडे यांच्या 'बिगरी ते मॅट्रिक' या लेखाने हा शब्द ज्यांनी ती शाळा पाहिलीही नाही त्यांच्यापर्यंत पोचवला. बिनयत्ता म्हणजे ज्याचे माप अजून घेतले गेलेले नाही तो. आमच्या मते मराठी शाळेच्या परिभाषेतला हा सर्वांत सुखी शब्द आहे.

आता वयाकडे वळू. शाळेला मुलाचे वय हवे असते, पण वय मोजायचे कसे? आपल्याकडे चालू वर्ष मोजण्याची रीत होती. 'त्याला सहावे लागले' याचा अर्थ पाच पूर्ण झाली. मुंजीसाठी 'गर्भाष्टम' धरायचे म्हणजे गर्भापासूनचे आठवे. सरकारी कागदाला मात्र पूर्ण वर्षे हवी होती. या दोन मोजण्यांतली फट किती खोल होती हे १८६९ मध्ये दिसले. त्या वर्षी सिव्हिल सर्व्हिसच्या परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या चार हिंदी तरुणांपैकी दोघांची, सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि मुंबई इलाख्यातले श्रीपाद बाबाजी ठाकूर यांची, नावे वयाच्या कारणावरून काढून टाकण्यात आली. प्रवेशपरीक्षेच्या वेळी सुरेंद्रनाथांनी आपले वय देशी रीतीने, चालू वर्ष धरून, सोळा सांगितले होते. विलायतेतल्या अधिकाऱ्यांनी ते पूर्ण सोळा धरले आणि त्यावरून गणित केले, तेव्हा ते वयोमर्यादेबाहेर गेले. प्रकरण न्यायालयात गेले आणि दोघांनाही पुन्हा घेतले गेले. दोघे नशीबवान, लढण्याइतके साधनसंपन्न होते. गावच्या मराठी शाळेत नाव घालायला आणलेल्या पोराचा असला खटला कोण लढवणार?

तिथे साधनेही वेगळी होती. जन्माची नोंद नाही, पत्रिका असली तर ब्राह्मणाच्या वा सावकाराच्या घरी. आई सांगणार, मोठ्या पुराच्या साली झाला, पेरणीच्या दिवसांत झाला. मग मास्तर मुलाला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगत. कान धरता आला तर मूल शाळेच्या वयाचे झाले. (हे माप अगदीच अडाणी नव्हते. साधारण सहा-सात वर्षांच्या सुमारास हातपाय लांबतात आणि डोक्याच्या मानाने शरीर वाढते, तेव्हाच हात कानापर्यंत पोचतो.) कान हाती लागला की मास्तर जनरल रजिस्टर उघडत, चालू सालातून सहा वजा करत आणि शाळा ज्या महिन्यात उघडते त्या महिन्याची पहिली तारीख लिहून टाकत. एक जून. महाराष्ट्रात विशिष्ट वयाच्या माणसांचा मेळावा भरवून वाढदिवस विचारले, तर ही तारीख इतक्यांदा ऐकू येईल की एखाद्या परक्याला आपल्या ऋतुचक्राविषयी शंका यावी. जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ मध्ये झाला, तरी खेड्यापाड्यांत एक जूनचा मुक्काम त्यानंतरही बराच काळ होता.

या कागदी वयाला पालकांचेही हात लागत. मूल घरात त्रास देते, धाकट्याला सांभाळायला वेळ नाही, म्हणून वय वाढवून लवकर शाळेत घालायचे. किंवा नोकरीची वयोमर्यादा आणि निवृत्तीचे साल मनात धरून दोन वर्षे कमी लावायची. पहिल्या प्रकारात पाच वर्षांचे मूल कागदावर सहाचे होऊन सहाच्यांत बसे आणि त्याला काही जमले नाही तर ते त्याच्या डोक्यावर जाई, वयावर नव्हे. कारण कागदावर सगळे सारखेच होते. उलट टोकाचे उदाहरण धोंडो केशव कर्वे यांचे. मराठी सहाव्या इयत्तेची, सरकारी नोकरीसाठी लागणारी परीक्षा द्यायला ते १८७५ मध्ये कोकणातल्या मुरुडहून शंभराहून अधिक मैल चालत, सह्याद्री ओलांडून साताऱ्याला गेले. परीक्षेला सतरा वर्षे पूर्ण असणे आवश्यक होते. ती पूर्ण होती, दाखलाही जवळ होता. पण मूर्ती लहान. परीक्षामंडळाला ते सतरा वर्षांचे वाटले नाहीत आणि त्यांना परत पाठवले गेले. कागद एक सांगतो, अंगकाठी दुसरे सांगते आणि दोहोंपैकी कशावर विश्वास ठेवायचा हे समोर बसलेला ठरवतो. शाळेच्या इतिहासात लहान दिसणाऱ्याचा निकाल असाच लागत आला आहे.

इथवर वय हा प्रवेशाचा आणि परीक्षेचा अडसर होता. वर्ग मात्र वयाने बांधलेला नव्हता. ते काम सक्तीच्या शिक्षणाने केले. सक्ती म्हटली की कायद्याला विचारावेच लागते: किती वर्षांच्या मुलाला, किती वर्षांपर्यंत? जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात निदान बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे असे मांडले. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानाला लागू केला. तिथे सुरुवात सातव्या वर्षी होती, मुलग्यांना बारापर्यंत आणि मुलींना दहापर्यंत. गोखल्यांच्या १९११ च्या विधेयकात सहा ते दहा होते. ते पुढच्या वर्षी फेटाळले गेले. घटनेच्या मूळ ४५ व्या अनुच्छेदात चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंत असे म्हटले होते, सुरुवातीचे वय सांगितलेलेच नव्हते. सहा हा आकडा घटनेत आला तो २००२ च्या दुरुस्तीने. हे आकडे कोणत्याही बालमानसशास्त्रातून निघालेले नाहीत. इंग्लंडात १८७० च्या कायद्याने पाचवे वर्ष धरले, त्यामागचा एक विचार असा होता की लवकर घातले तर लवकर सुटून मूल कामाला लागू शकेल. आपल्याकडे सात आणि सहा यांमधला वाद मुख्यतः खर्चाचा आणि शाळांच्या संख्येचा होता. पण हेतू काही असो, सक्तीमुळेच ओसरीबाहेरची मुले शाळेत आली, हे मान्य केल्याशिवाय पुढे बोलणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

सक्ती आली तरी बराच काळ वर्ग सरमिसळच राहिला, कारण नापास होणे होते. चौथीत नऊ वर्षांचा मुलगा असे आणि मिसरूड फुटू लागलेला तेरा-चौदा वर्षांचाही असे. लहानग्याला तो मोठा छळत असेल, त्याचा डबा खात असेल. पण त्याचे लहान असणे सगळ्यांना दिसत होते. त्याला काही आले नाही तर 'लहान आहे' असे म्हणता येत होते. आमच्या दृष्टीने या साऱ्या इतिहासातली कळीची जागा ही आहे. वर्गातल्या वयाचे अंतर जसजसे कमी होत गेले तसतसे उरलेले अंतर दिसेनासे झाले आणि जे अंतर दिसत नाही ते बुद्धीच्या खात्यावर मांडले जाऊ लागले. चार वर्षांचा फरक कोणीही मानतो. अकरा महिन्यांचा फरक मानायला कोणी तयार नसते. इयत्ता नावाने ज्ञानाची राहिली आणि हाडामांसाने वयाची झाली, म्हणून तिच्यातला मागे पडलेला हा आता ज्ञानात मागे नव्हे तर स्वभावतःच मंद ठरला.

मराठीने त्याच्यासाठी एक अक्षर राखून ठेवले आहे: 'ढ'. ब्राह्मीपासून आजपर्यंत या अक्षराचे वळण फारसे बदललेच नाही, म्हणून न सुधारणाऱ्या मुलाला 'ढ' म्हणतात, अशी एक व्युत्पत्ती सांगितली जाते. ती खरी की रचलेली, ते लिपीचे अभ्यासक जाणोत. वर्षभरात सर्वांत जास्त बदलणारी वस्तू जर कोणती असेल तर ती म्हणजे सहा वर्षांचे मूल. त्यालाच हे न बदलणारे अक्षर चिकटवावे, यातला विरोध आम्हाला बोचतो. इयत्ता मोठी झाली की तिच्या तुकड्या पडतात. गुणांवरून 'अ' तुकडी, 'ब' तुकडी, 'क' तुकडी. कित्येक शाळांत नकाशे, प्रयोगशाळेचा तास आणि उत्तम शिक्षक कोणत्या तुकडीकडे आधी जातात, हे तिथे शिकलेल्या कोणालाही विचारावे.

तुकडी आणि जन्ममहिना यांचा संबंध प्रथम नीट तपासला गेला तो इंग्लंडात, कारण तिथे जन्मतारखा खऱ्या होत्या. ब्रायन जॅक्सन याचे तुकडीपद्धतीवरचे पुस्तक १९६४ मध्ये निघाले. त्याला दिसले की वरच्या तुकडीत सप्टेंबरपासून पुढच्या हिवाळी महिन्यांत जन्मलेली मुले प्रमाणाबाहेर आहेत आणि खालच्या तुकडीत उन्हाळ्यात जन्मलेली. तिथले शालेय वर्ष सप्टेंबरात सुरू होते, म्हणजे उन्हाळी मुले ही वर्गातली धाकटी. तीन वर्षांनी निघालेल्या प्लाउडन समितीच्या अहवालाने दुसरी एक गोष्ट पुढे आणली. पाच वर्षे पूर्ण झाल्यावर येणाऱ्या सत्रात मुलाला घ्यायचे, अशी रीत असल्यामुळे धाकटी मुले शिशुशाळेत उशिरा येत, आणि पुढच्या शाळेत मात्र सर्वांबरोबर एकाच दिवशी ढकलली जात. म्हणजे वय कमी आणि शिकवणीही कमी, असा दुहेरी तोटा. नंतर बहुतेक ठिकाणी सर्वांना सप्टेंबरातच घेण्याची रीत आली. शिकवणीचा काळ समान झाला, पण तोटा गेला नाही. फक्त चार वर्षांचे मूल शाळेत येऊन बसू लागले. अधिक विलक्षण गोष्ट अशी की अकराव्या वर्षीच्या निवडपरीक्षेसाठी वापरल्या जाणाऱ्या मोरे हाउसच्या चाचण्यांत गुण महिन्यांच्या वयानुसार दुरुस्त करण्याची तरतूद होती. चाचणी रचणाऱ्यांना जे ठाऊक होते ते, त्याआधी चार वर्षे मुलाला 'क' तुकडीत बसवणाऱ्या शाळेला ठाऊक नव्हते, किंवा सोयीचे नव्हते.

एकविसाव्या शतकात हे अनेक देशांत मोजले गेले. केली बेडार्ड आणि एलिझाबेथ ड्यूई यांनी २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय गणित-विज्ञान चाचण्यांची आकडेवारी तपासली; चौथीच्या सुमारास वर्गातली सर्वांत धाकटी मुले सर्वांत मोठ्यांपेक्षा शतमकांच्या क्रमवारीत ४ ते १२ स्थाने मागे होती आणि आठवीपर्यंतही २ ते ९ स्थाने मागेच होती. त्याहून अस्वस्थ करणारा अभ्यास कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताचा, २०१२ चा. तिथे प्रवेशाची सीमारेषा ३१ डिसेंबर. नऊ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदींत असे आढळले की डिसेंबरात जन्मलेल्या मुलग्यांवर अतिचंचलतेच्या आणि अवधानाच्या विकाराचा शिक्का जानेवारीत जन्मलेल्यांपेक्षा ३० टक्के अधिक बसला होता आणि मुलींवर ७० टक्के अधिक. डिसेंबरात विकार जास्त होतो असे कोणीच म्हणणार नाही. शिक्षकाने शेजारच्या मुलाशी तुलना केली, डॉक्टरने शिक्षकाचे ऐकले आणि मुलाला गोळ्या सुरू झाल्या. आपल्या 'ढ' या अक्षराचे हे औषधशास्त्रीय रूप म्हणायचे.

तर मग शाळेत उशिराच घालावे का? फिनलंडात मुले सातव्या वर्षी पहिलीत जातात, हे दाखवून आपल्याकडे तसे सुचवले जाते. परंतु रांगेत सर्वांना वर्षभर मागे नेले तरी रांगेचे शेपूट शेपूटच राहते. आणि ज्याला परवडते तोच मुलाला घरी ठेवून, खेळवून, गोष्टी सांगून सातव्या वर्षी पाठवू शकतो. वीटभट्टीवरच्या मुलाला घरी ठेवले तर ते भट्टीवरच राहते. नॉर्वेतला २०११ चा एक मोठा अभ्यास तर असे सांगतो की अठराव्या वर्षीच्या बुद्धिचाचणीत शाळाप्रवेशाच्या वयाने फारसा फरक पडत नाही. याचा अर्थ आम्ही असा घेतो की धाकटेपण स्वतः निघून जाते. मधल्या वर्षांत झालेले निवाडे निघून जात नाहीत.

आपल्याकडे या प्रश्नाला वेगळ्या बाजूने हात घालणारे एक काम झाले होते आणि ते शिक्षणाच्या इतिहासात बालशिक्षण या वेगळ्या कप्प्यात ठेवले गेल्यामुळे या संदर्भात त्याची आठवण निघत नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्यासह काम नेले. वारली पाड्यांतली मोठी मुले शाळेत येत नसत, कारण काखेत धाकटे भावंड असे. त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली आणि तिला विकासवाडी म्हटले. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणावरच शाळा नेली, ती कुरणशाळा. माँटेसरीच्या विचारात निरनिराळ्या वयांची मुले एकत्र असणे मुळातच होते. कोसबाडला ते तत्त्वाने आणि गरजेने, दोन्ही वाटांनी आले. धाकटे तिथे अडचण म्हणून आले आणि शाळेचा भाग झाले. १९७५ मध्ये सुरू झालेल्या सरकारी योजनेने अंगणवाडी गावोगाव नेली, पण एक आवार ही कल्पना बहुतेक ठिकाणी वाटेत गळाली. आज जिल्हा परिषदेच्या एकशिक्षकी आणि द्विशिक्षकी शाळांत पहिली ते चौथीची मुले एकाच खोलीत बसतात, ती मात्र कोणाच्या विचाराने नव्हे, पटसंख्येमुळे. त्या खोलीला आपण उणीव समजतो. कुशल गुरुजींच्या हाती तीच खोली धाकट्याला दिलासा देऊ शकते, कारण तिथे पहिलीतल्या मुलाला दुसरीचा धडा कानावर पडतो आणि दुसरीतल्याला पहिलीचा पुन्हा ऐकता येतो.

शिक्षणहक्क कायदा २००९ मध्ये झाला. शाळाबाह्य मुलाला वयानुरूप वर्गात घ्यावे, असे त्यात आहे. हेतू असा की दहा वर्षांच्या मुलाला सहा वर्षांच्यांत बसण्याची लाज वाटू नये. हेतूविषयी दुमत नाही, आणि त्याला विशेष प्रशिक्षण द्यावे हेही कायदा सांगतो. पण लो याच्या वेळचा वाद इथे उलटा होऊन पुन्हा आला आहे, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. १८६२ मध्ये गरीब मुलासाठी वय सोडून येणे धरले. २००९ मध्ये गरीब मुलासाठी येणे सोडून वय धरले. दोन्ही वेळा इयत्ता जागची हलली नाही.

२०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने पहिलीच्या प्रवेशासाठी सहा वर्षे पूर्ण होण्याची मुदत ३१ डिसेंबरपर्यंत नेली. जूनमध्ये वर्गात बसणारे मूल त्यामुळे साडेपाच वर्षांचेही असू शकते, आणि त्याच वर्षीचे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण पहिलीसाठी सहा वर्षे पूर्ण धरते. ही तारीख पुढेमागे सरकली की कोणाचा तरी वाढदिवस रेषेच्या अलीकडे येतो आणि कोणाचा पलीकडे जातो. आता निदान जन्मदाखले खरे आहेत, तेव्हा आपल्या 'अ' आणि 'क' तुकड्यांत कोणत्या महिन्यांची मुले बसली आहेत हे कोणत्याही शाळेला एका दुपारी हजेरीपटावरून मोजता येईल.

एक जूनच्या पिढ्यांबाबत ते कधीच मोजता येणार नाही. त्यांच्या रजिस्टरात सगळी मुले एकाच दिवशी जन्मली आहेत. तिथे धाकटे कोणीच नाही. ती नोंद शोधायची तर आत्मचरित्रांत शोधावी लागेल, आणि साहित्याच्या अभ्यासकांनी ती शोधावी असे आम्हाला वाटते. कर्व्यांच्या 'आत्मवृत्ता'त ती सापडते, कारण त्यांना लहान दिसण्याची किंमत मोजावी लागली आणि ते पुढे मोठे झाले. पुढच्या वर्षी कोल्हापूरहून त्यांनी तीच परीक्षा दिली आणि ते उत्तीर्ण झाले. इतर आत्मचरित्रे वाचताना शाळेच्या प्रकरणाशी थांबून पाहावे: लेखकाला शाळेत कोणी आणि का घातले, कागदावर कोणती तारीख लागली, तो कोणत्या बाकावर बसला आणि शेजारी बसलेला मुलगा त्याच्यापेक्षा केवढा होता.